‘सातेरी प्रसाद’ नौकेची लपलेली नोंद

जबाब
दि. १३/११/२००९, सकाळी १०.१५ वा.

मी, वर्षाली रामचंद्र पराडकर, वय २६ वर्षे, धंदा संगणक शिकविणे, राहणार देऊळवाडी बंदर, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग. मला कोणी बोलावलेले नसताना मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावर मी आईवडिलांसह राहते. गेली चार वर्षे कट्टा बाजारपेठेतील एका संगणक वर्गात मी शिकविते. रोज सकाळच्या एसटीने जाते व संध्याकाळी परत येते.

आमच्या बंदरावर मच्छीमारांची सहकारी संस्था आहे. शंकर धोंडू तोडणकर हे तिचे अध्यक्ष आहेत. संस्थेचा नियम असा की, दोन-चार दिवसांसाठी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नौकेने निघण्यापूर्वी नोंद द्यावी. नौकेचे नाव, तांडेल म्हणजे नौकेचा प्रमुख, खलाशांची नावे आणि कोणत्या जागी जाळी टाकणार त्या जागेचे जीपीएसचे आकडे. ही नोंद संस्थेच्या संगणकावर गुरुदास लवू खवणेकर, वय २९, हा करीत असे. तो सन २००६ मध्ये आमच्या वर्गात शिकला. तो टंकलेखन करताना ओठ हलवितो. त्यापलीकडे त्याच्या व माझ्या ओळखीबाबत सांगण्यासारखे काही नाही.

दि. ८/११/२००९ रोजी पहाटे आमच्या बंदरातून सात नौका बाहेर पडल्या. त्यांत ‘सातेरी प्रसाद’ होती. तिच्यावर तांडेल बाबली केळुसकर व सहा खलाशी असे सात जण होते. गुरुदासने सर्व नौकांची नोंद केली. त्याच दिवशी सायंकाळी संस्थेच्या सभेत तो अध्यक्षांना सर्वांसमोर उलट बोलला, म्हणून त्याला कामावरून काढण्यात आले. त्याने तेथेच कार्यालयाची किल्ली टेबलावर ठेवली व तो घरी गेला. मी सभेत हजर होते.

दि. ९/११/२००९ रोजी मला सुट्टी होती. गुरुदास नसल्याने अध्यक्षांनी मला संस्थेची एक नोटीस टाइप करण्यास बोलाविले. मी ती टाइप केली व छापून आणण्यासाठी माझ्या पेन ड्राइव्हवर घेतली. मी अर्ध्या तासात निघाले.

दि. ११/११/२००९ रोजी वादळ झाले. सहा नौका कोणी देवगडला, कोणी मिळेल त्या खाडीत शिरून वाचल्या व त्यांचे निरोप आले. ‘सातेरी प्रसाद’चा निरोप आला नाही.

दि. १२/११/२००९ रोजी रस्त्यावर झाडे पडल्याने एसटी बंद होती, म्हणून मी घरी होते. सकाळी १०.४५ वा. चे सुमारास बाबली केळुसकर यांच्या पत्नी हौसाबाई आमच्या अंगणात धावत आल्या. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. त्या म्हणाल्या, “वर्षाली, ऊठ गो बाय. गुरुदासान आमच्या होडयेचा नाव पुसल्यान म्हणतत. कॉम्प्युटरात सगळा मोकळा आसा. तू चल आणि बघ.”

मी तशीच निघाले. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता.

संस्थेच्या कार्यालयात व बाहेर पन्नास-साठ माणसे होती. वीज नव्हती, परंतु बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर चालू करून संगणकाला जोडला होता. त्यात तासाभराचे डिझेल आहे असे मला सांगण्यात आले. संस्थेचा दूरध्वनी चालू होता. तटरक्षक दलाने कळविले होते की, जहाज दुपारी एक वाजता शोधास निघेल, तोपर्यंत नौका नक्की कोठे होती ते सांगा. बाबली तांडेल नेहमी उत्तरेस देवगडच्या बाजूला जातात, म्हणून तीच दिशा सांगावी असे सर्वांचे म्हणणे होते. खात्री कोणालाच नव्हती, कारण संगणकावरील प्रत्येक फोल्डर उघडल्यावर रिकामे दिसत होते. गुरुदासने सूड म्हणून नोंदी पुसल्या असा अर्ज अध्यक्षांनी त्याच सकाळी पोलीस ठाण्यात पाठविला होता.

मी पोहोचले तेव्हा अध्यक्ष संगणकाचा डबा तागाच्या पोत्यात घालण्याच्या तयारीत होते. ते म्हणाले, “हात लावू नको. ह्यो पुरावो आसा. पोलिसांका दाखवचो आसा.”

मी म्हणाले, “काका, पुरावो सांजेक न्या. आधी माणसा हाडूया.”

हौसाबाईंनी ते पोते त्यांच्या हातातून ओढून घेतले. मी खुर्चीवर बसले तेव्हा ११.२० झाले होते.

फोल्डर पाहताच माझ्या लक्षात एक गोष्ट आली. फोल्डरपुढे कधी आकार, म्हणजे किती केबी ते, लिहून येत नाही. येथे प्रत्येक फोल्डरपुढे एकच आकार होता, व प्रकाराच्या रकान्यात फोल्डरऐवजी ‘ॲप्लिकेशन’ असे होते. म्हणजे ती फोल्डर नव्हतीच, फोल्डरचे पिवळे चित्र लावलेले प्रोग्रॅम होते. हा एक किडा असतो. त्याला वर्म म्हणतात. तो पेन ड्राइव्हमधून येतो. पेन ड्राइव्ह लावला की मशीनमध्ये उतरतो, खरी फोल्डर लपवितो व त्याच नावाची खोटी पुढे मांडतो. दुसरा पेन ड्राइव्ह लागला की त्यावर चढून पुढल्या मशीनला जातो. तो पुसत नाही, लपवितो! हे मी तेव्हा मोठ्याने बोलले. मागे एकदम गलका झाला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते असे मला नंतर सांगण्यात आले. मला आठवत नाही.

तेवढ्यात गुरुदास खिडकीशी आला. त्याला दारातून आत येऊ दिले नव्हते. तो गज धरून म्हणाला, “मी पुसूक नाय. सात माणसांची नावा मी कशाक पुसतलंय?”

मी विचारले, “फाईल खंय ठेवलंस?”

तो म्हणाला, “डी ड्राइव्हात. ‘दर्यावर’ नावाच्या फोल्डरात. तारखेन आसा.”

खोट्या फोल्डरपुढची तारीख व वेळ कागदावर उतरून घेऊन मी ते पुसले, ते पुन्हा उगवले. तीन वेळा पुसले, तीन वेळा उगवले. चालू प्रोग्रॅम बंद करण्याची पडद्यावरील खिडकी उघडेना, लपलेल्या फाईली दाखविण्याचा पर्यायच यादीतून नाहीसा झाला होता. किड्याने आपल्याला मारण्याची सर्व हत्यारे आधीच काढून घेतली होती. ११.३५ वा. मी मशीन बंद करून सेफ मोडमध्ये, फक्त काळ्या पडद्यावर, चालू केले. येथे चित्रे नसतात, आज्ञा टाइप कराव्या लागतात. किड्याची मूळ फाईल विंडोजच्या आतच बसली होती. तिचे नाव खऱ्या फाईलसारखेच होते, फक्त एका अक्षराचा फरक. ती मला सापडली.

माझ्या पेन ड्राइव्हवर असले किडे मारण्याचे सॉफ्टवेअर होते, म्हणून मी तो लावला. त्यावर काय आहे ते दाखविण्याची आज्ञा दिली. सॉफ्टवेअर होते. त्याखाली तीच फाईल होती. तेच नाव, तोच आकार, शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. तारीख ६/११/२००९. त्या दिवशी मी वर्गातील सर्व मशीनवर हा पेन ड्राइव्ह लावला होता.

मी पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये ठेवला. त्या वेळी मी कोणास काही बोलले नाही. हौसाबाईंनी विचारले, “काय झाला गो?” मी सांगितले, “काय नाय, हातान करूचा लागतला.”

त्यानंतर मी सर्व हाताने केले. मूळ फाईल पुसली. मशीन चालू होताच तिला उठविणारी नोंद काढली. प्रत्येक ड्राइव्हवरील तिची पिल्ले पुसली व थांबून पाहिले. ती परत उगवली नाहीत. मग लपलेल्या फाईलींवरचा पडदा काढणारी ‘ॲट्रिब’ ही आज्ञा दिली. बाहेर जनरेटर खोकू लागला होता. कोणीतरी ओरडत होते की पाच मिनिटे, पाचच मिनिटे. १२.१० वा. मशीन नेहमीसारखे सुरू केले, डी ड्राइव्ह उघडला, आणि ‘दर्यावर’ समोर होते. आकाराचा रकाना कोरा होता.

दि. ८ ची फाईल उघडली. पाचव्या ओळीत ‘सातेरी प्रसाद’. सात नावे. मी ती नावे मोठ्याने वाचली. तशी गरज नव्हती, गरज आकड्यांची होती, पण मी वाचली, आणि प्रत्येक नावाला मागून कोणीतरी हुंकार देत होते. पुढे जागा होती. उत्तरेस नव्हती. दक्षिणेस, रेडीसमोर खोल पाण्यात. शेऱ्याच्या रकान्यात गुरुदासने लिहिले होते, ‘बाबलीकाका या खेपेस खाली जातात. इंजिनाचा आवाज बरा नाही. सांगितले. ऐकले नाही.’

हौसाबाई ओरडल्या, “गावली! होडी गावली!” नौका अद्याप सापडलेली नव्हती, परंतु कोणीही त्यांना तसे सांगितले नाही.

अध्यक्षांनी तटरक्षक दलाला फोन लावून आकडे सांगितले. सांगताना त्यांचा आवाज फुटत होता. त्यांनी पंधरा अंश चोपन्न मिनिटे असे सांगितले. खिडकीतून गुरुदास ओरडला, “चव्वेचाळीस, काका! चोपन्न नाय, चव्वेचाळीस!” त्याला पडदा दिसत नव्हता. आकडा त्याला पाठ होता. अध्यक्षांनी दुरुस्ती केली व फोन ठेवला. लगेच जनरेटर बंद पडला. वेळ १२.२२.

मी हौसाबाईंना नकाशावर जागा समजावून सांगू लागले. त्या म्हणाल्या, “आकडे नको सांगू गो. जिते आसत काय ता सांग.” मी नकाशा मिटला. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो.

सायंकाळी ४.५० वा. फोन आला. नोंदीतील जागेपासून बारा-तेरा मैलांवर ‘सातेरी प्रसाद’ तरंगताना सापडली. इंजिन बंद, नांगराचा दोर तुटलेला. सातही जण जिवंत, एका खलाशाचा हात मोडलेला. बंदरावर जो आरडाओरडा झाला त्याचे वर्णन मी करू शकत नाही. कोणीतरी दिवाळीचे उरलेले फटाके आणले. ते दमट असल्याने दोनच वाजले, तरी माणसे नाचली. हौसाबाईंनी माझे दोन्ही गाल धरले व नवरा वाचल्याच्या आनंदात त्या सर्वांना सांगू लागल्या, “ह्या चेडवान हाडल्यान माझो घोव.” मी तेथून घरी गेले.

आज दि. १३ रोजी सकाळी ७.०० वा. मी आमच्या वर्गाच्या मालकांना फोन करून सर्व सांगितले. वर्गाचे नाव कोठे घेऊ नये असे त्यांनी बजावले. ते मी या जबाबात घेतलेले नाही. त्यानंतर मी गुरुदासच्या घरी गेले. तो अंगणात पडलेल्या झावळ्या ओढीत होता. मी त्यास सांगितले की, किडा माझ्या पेन ड्राइव्हवरून गेला, ९ तारखेला मीच नेला, आणि काल पडद्यावर दिसूनही मी गप्प राहिले.

त्याने हातातली झावळी खाली टाकली. मग म्हणाला, “माका सांगान काय उपेग? थंय सांग, जंय माझा नाव लिवलेला आसा.”

म्हणून मी आले.

विचारले वरून सांगते की, संस्थेच्या संगणकावरील प्रत्येक खोट्या फोल्डरची तारीख ९/११/२००९, वेळ ११.४७ अशी होती. ती मी काल साफ करण्यापूर्वी कागदावर उतरून घेतली, तो कागद हजर करीत आहे. त्या वेळी कार्यालयाची किल्ली अध्यक्षांकडे होती व खुर्चीवर मी होते. गुरुदास तेथे नव्हता. माझा निळा पेन ड्राइव्हही हजर करीत आहे. तो कोणत्याही मशीनला लावू नये.

विचारले वरून सांगते की, मी हे जाणूनबुजून केलेले नाही. परंतु नेला मीच. मी शिकविते, मला कळायला हवे होते. अध्यक्षांच्या अर्जात जेथे गुरुदास लवू खवणेकर असे लिहिले आहे, तेथे माझे नाव घालावे, एवढी माझी विनंती आहे.

हा जबाब मी सांगितला तसा लिहून घेतला व मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात एके ठिकाणी ‘नोंदी पुसल्या गेल्या’ असे पडले होते, ते मी ‘लपल्या होत्या’ असे दुरुस्त करून घेतले. आता तो शब्दशः खरा आहे. खाली माझी सही.

वर्षाली रामचंद्र पराडकर