ब्रेकवर माझा पाय

आमी तांड्यावरचे, भाऊ. औंढ्याच्या डोंगराच्या अंगाला, सडकेपासून वर चढून आलं की आमचा तांडा लागतो. आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे म्हणतात, मी काही ते बघितलं न्हाई, मी बघितली ती जीप. माझं लगीन झालं तवा हे दुसऱ्याच्या जीपवर किलिंडर होते, मंग डायव्हर झाले, अन आमची शेवंता शाळेत जाऊ लागली तवा कुठं सवताची जुनी काळीपिवळी जीप आणली, शिटा न्यायला. औंढा, वसमत, बाजाराला सेनगाव.

मिस्त्रीकडं जायचं ह्यांच्या जिवावर यायचं. सारं सवताच खोलायचे, सवताच बसवायचे. अन ब्रेकचं काम निघालं की मला हाक, ये गं, बस वर. काय सांगू तुमाला, गाडी मला आजबी चालवता येत न्हाई, पण ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, एक खाली निप्पल, म्हणजे हवा काढायची बारकी तोटी, सोडायला अन एक वर पाय दाबायला, तो वरचा पाय माझा. तव्यावर भाकर असली तर ती उतरवून यायचं. खालून हे म्हणणार दाब, मी दाबायचं, धर, मी धरायचं, सोड, मी सोडायचं. दुसरं बोलणंच न्हाई. पण पायाला कळत जातं ना भाऊ. हवा असली की ब्रेक कणकेच्या गोळ्यावानी दबतो, निघाली की लाकडावानी लागतो. मला कवा कुणी इचारलं न्हाई.

शेवंता पहिलटकरीण होती त्या सालची गोष्ट. तिचं सासर वसमतकडं, दसऱ्याला तिला घेऊन आलो होतो. दसऱ्याला गाडीची पूजा सारेच करतात, पण ह्यांना हौस दांडगी. पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे चिमटेच म्हणा ना, साफ करायला खोललेले होते, तर म्हणाले गाडीचा जीव ह्याच्यात हाय, पूजा ह्यांचीच करू. रॉकेलनं धुतले, पाटावर मांडले, हळद-कुंकू, आपट्याची पानं, झेंडू, नारळ फोडला. जेवणं झाल्यावर पाटावरून उचलून बसवले. मी पाय दाबला. खालून तेल साफ येऊन राहिलं, बुडबुडा एक न्हाई, हे म्हणाले झालं, उतर. मला तर कणकेचा गोळाच लागून राहिला. मी म्हणलं, नरम हाय. चालवल्यावर येतो म्हणाले, अन हात धुवायला गेले बी.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप भरली. तांड्यातली माणसं औंढ्याला निघालेली, शेवंता पुढं बसलेली, पोट दिसून राहिलेलं, तिला सासरी पोचवायचं. अन तांड्यावरून सडकेपर्यंत सारा वळणाचा उतार, एका अंगाला खदान. हे टपावर बोजा बांधून राहिले होते, मी काय केलं, डायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. पाय ठेवला. गेला खाली. म्हणलं, गाडी न्हाई जायची. भरल्या तांड्यापुढं बाई डायव्हरच्या सीटवर! कुणी हसून राहिलं, कुणी म्हणे तांड्याच्या नायकाला बोलवा, सासू वरडली, काहून लाज काढून राहिली. ह्यांचं तोंड लाल. म्हणाले, दोन डाव दाब, तिसऱ्याला येतो. अन तिसऱ्याला येत बी होता. मी म्हणलं, तिसऱ्याला काय करायचा, तवर लेक खदानीत. मी स्टेरिंग धरून बसले, उतरले न्हाई. शेवंताच म्हणाली, बा, एकदा बघ ना.

तवा हे रागानं खाली शिरले, दाखवतोच म्हणून. मंग हळूच म्हणाले, अगं, उजवा डावीकडं गेला की. मांडताना हे पाटाच्या एका अंगाला बसले होते, उचलताना दुसऱ्या अंगाला, उजव्याचा डावा झाला. उलटा बसला की निप्पल खालच्या बाजूला येतं, अन हवा तर वर राहते, निघंल कशी? तेल साफ यायचं अन हवा तशीच आत.

माणसं उतरवली, पुन्हा खोलून बराबर बसवलं. दाब, धर, सोड. अन मंग, भाऊ, खालून म्हणाले, कसं लागून राहिलं गं? मला रडूच आलं. म्हणलं, आता लागला. मंगच हलली गाडी. पुढं शेवंताला पोरगी झाली, आता शाळेत जाती.

ह्यांच्या डोळ्याला दिसंना तवा जीप इकली. आता आमी दुसऱ्याच्या गाडीत मागं बसून जातो. उतार आला की माझा पाय आपोआप दाबतो, खाली नुसता पत्रा, पण गाडी कशी धरून राहिली ते पत्र्यातूनबी कळतं. हे सडकेकडं मान करत न्हाईत, माझ्याकडं करतात. कसं हाय गं? मी म्हणते, बराबर हाय, चालवणाऱ्या लेकराचं भलं होवो. मंग ते डोळे मिटतात.