गाडी गार पाहिजे

गाडी कुठं लावायची, हे आमच्या आण्णांना कधी विचारू नका. आण्णा म्हणजे माझे चुलते. आतेबहिणीच्या हळदीसाठी आमी दोघं दिल्लीला निघालो होतो. जळकोटहून पुण्यापर्यंत गाडीनं, पुढं विमानानं. मी म्हणलं, "आण्णा, सरळ विमानतळावरच गाडी लावू."

"येडा हायस का? तिथं उन्हात तापंल. जवळच आपले व्याही राहतेत, दारात लिंबाचं झाड हाय. आन् पाव्हणं असताना परक्याकडं लावली, तर काय म्हणतील?"

लावली लिंबाखाली. चावी देऊन निघावं, तर व्याही दारात आडवे. "लई दिसांनी आलाव, तसंच कसं जाता?" चहा झाला. चहामागून विहीणबाईंची गरम धपाटी आली. मी घड्याळ दाखवलं, तर आण्णा म्हणाले, "भरल्या ताटावरून उठतेत व्हय कुणी?"

विमान गेलं, हळद बी गेली. मी डोक्याला हात लावून पायरीवर बसलो. आण्णा हात पुसत बाहेर आले आन् म्हणाले, "इमानाचं सोड. गाडीला हात लावून बघ, कशी गार हाय."