परतवाड्याच्या पुढं

सुहासिनी : आणि पांघरायला? वर चिखलदऱ्याला फाल्गुनातही गारठा असतो म्हणतात. चादर पुरेल की रजई घेऊ?

नीळकंठ : रजई कायले? रेस्ट हाउसवर देतात रजया.

सुहासिनी : देतात. पण तुम्ही त्या उसवून पाहता.

नीळकंठ : एकदा पाह्यलं होतं. एकदा! अन् ते उशी होती, रजई नाही.

सुहासिनी : लग्नाला पंधरा दिवस नव्हते झाले. परतवाड्याला मावशी सकाळी चहा घेऊन आली, तर नवा जावई खिडकीत उभा, आणि उशीतला कापूस काढून अंगठ्यांत धरून ओढून पाहून राहिला.

नीळकंठ : त्यात सरकीचा चुरा होता. रातभर कानाशी कुरकुर. मी मावशीच्या भल्यासाठीच सांगितलं, गादीवाल्यानं तुमाले फसवलं म्हणून.

सुहासिनी : मावशी अजून सांगते सगळ्यांना. आमच्या सुहासचा नवरा ग्रेडर आहे, शेतकऱ्याच्या कापसाला देतो तशी उशीलाही ग्रेड देतो. बरं, ते असो. शनिवारी सकाळी सहाची यवतमाळ गाडी. यवतमाळहून अमरावती, अमरावतीहून परतवाडा. मावशीकडे जेवायचं आणि तीनच्या गाडीनं घाट चढायचा. मंगळवारी परत. खोली ठरली आहे, दोन माणसांची.

नीळकंठ : हं.

सुहासिनी : हं काय? आठवडा झाला, मी चिखलदरा म्हणते आणि तुम्ही हं म्हणता.

नीळकंठ : मंग काय नाचू? ऊन पाह्य बाहेर. आतापासूनच पांढरकवड्याचा तवा झाला.

सुहासिनी : ऊन आहे म्हणूनच वर जायचं ना. घाटात आता पळस फुलला असेल. मोहाची फुलं पडत असतील. वर कॉफीचे मळे आहेत. आणि तो पॉइंट आहे, तिथं एक हाक मारली की डोंगर पाच वेळा ओ देतो म्हणतात.

नीळकंठ : पाच वेळा?

सुहासिनी : हो. आमच्या घरात उलटं आहे. पाच हाका मारल्या की एक ओ येते.

नीळकंठ : झालं सुरू. असं सांगून राह्यली जसं आपण कधी गेलोच नाही.

सुहासिनी : कधी गेलो?

नीळकंठ : गेलतो ना! लग्नाच्या सालीच.

सुहासिनी : परतवाड्यापर्यंत गेलो होतो. मावशीच्या गच्चीवरून मी डोंगर पाहिला. निळा दिसत होता. तुम्ही म्हणालात, उद्या सकाळी पहिल्या गाडीनं वर. आणि दुपारी तार आली. सरकारी कापूस खरेदीला मुदतवाढ, केंद्रावर ताबडतोब हजर व्हा.

नीळकंठ : मंग? गाड्या खोळंबल्या होत्या. बैलगाड्यायची रांग कोर्टापर्यंत गेलती. लोकं तीन-तीन दिवस बैलं सोडून रस्त्यावर झोपत. ग्रेडरनं कापसाले हात लावल्याबिगर वजनकाट्यावर गाडी चढत नाही.

सुहासिनी : मला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा केतकी पाच वर्षांची होती. पिशवी भरली, पाण्याची सुरई भरली, पोरगी बूट घालून ओसरीवर बसली. तुम्ही केंद्रावर फक्त सही करून येतो म्हणालात.

नीळकंठ : त्या दिवशी कापसाच्या गंजीले आग लागली होती, सुहास.

सुहासिनी : हो, लागली होती. मी काय नाही म्हणते? तिसऱ्यांदा तुमचा प्रवासभत्त्याचा फॉर्म भरून तयार होता, त्याची मुदत कपाटात संपली. केतकीचं बारसं झालं तेव्हा तुम्ही नव्हता. माझ्या भावाचं लग्न झालं तेव्हा नव्हता. जो विचारे, त्याला मी एकच सांगत होते : हंगाम आहे. इतकं सांगितलं की माहेरच्या बायका मी सांगायच्या आधीच म्हणत, एकटीच आली असशील, हंगाम आहे ना.

नीळकंठ : मी काय तमाशा पाह्यले जात होतो?

सुहासिनी : नाही. तमाशा पाहायला गेला असता तर भांडता तरी आलं असतं.

नीळकंठ : हं.

सुहासिनी : म्हणून म्हणते, यंदा देवानंच दिलं आहे. दिवाळीपासून केंद्रावर गाडी नाही. सारा कापूस व्यापाऱ्याकडे गेला. तुम्ही रोज जाता, रिकाम्या काट्यासमोर खुर्ची टाकून बसता आणि सहा वाजता घरी येता. मे महिन्यात स्वेच्छानिवृत्ती. कोण अडवून राहिलं तुम्हाला?

नीळकंठ : कोणी नाही.

सुहासिनी : मग हा स्वेटर घालून पाहा. लग्नाच्या साली विणला होता. पोटावर बसतो का पाहते.

नीळकंठ : अरे, हा अजून आहे?

सुहासिनी : नवाच आहे. लोकरीला कापूस चिकटतो म्हणून एकदाही घातला नाही तुम्ही. तिथं नाही चिकटणार काही. हात वर करा.

(फाटक वाजते. खरेदी केंद्रावर काम करणारा लखीराम सायकल कुंपणाला टेकवून ओसरीवर येतो.)

लखीराम : राम राम साहेब. राम राम बाई. हे काय, साहेब? गर्मीत सूटर?

सुहासिनी : चिखलदऱ्याला जाऊन राहिलो आम्ही, लखीराम. तुमचे साहेब अंदाज घेऊन राहिले.

लखीराम : चिखलदऱ्याले? कधी?

सुहासिनी : शनिवारी.

लखीराम : शनिवारी? असं कसं, बाई? शनिवारी त आपला काटा चालू होऊन राह्यला! मी तेच सांगाले आलो. यवतमाळहून कागद आला साहेब. मोर्चा निघाला होता ना कास्तकारायचा, म्हणून चार दिवस खरेदी. शनिवार, आयतवार, सोमवार, मंगळवार. साऱ्या जिल्ह्यात तीनच केंद्र, त्यात आपलं एक! मी काट्याले तेल देऊन आलो. उंदरायनं पार घरटं केलतं त्याच्यात.

नीळकंठ : बस, लखीराम. पाणी पे.

लखीराम : पाणी मंग पेतो. अन् बाई, हे साऱ्यायचं पुण्य साहेबायले. मारेगाववाले बोंबलून राह्यले, आमचं केंद्र काहून नाही घेतलं? त यवतमाळचे साहेब म्हणते, तुमच्या ग्रेडरनं लिहून कोठी देल्लं? पांढरकवड्याच्या ग्रेडरचा अर्ज आहे आमच्यापाशी. केव्हाही उघडा, मी हजर आहे म्हणून.

सुहासिनी : कोणाचा अर्ज?

लखीराम : साहेबायचा. मीच त नेऊन देल्ला.

नीळकंठ : लखीराम, पाणी पे म्हटलं ना!

सुहासिनी : थांबा. लखीराम, अर्ज कोणत्या दिवशी नेला?

लखीराम : कोणत्या दिवशी... धुळवडीचा रंग निघाला नव्हता माह्या कानातला. शुक्रवार होता बाई, बाजाराचा आदला दिवस. काहून? माह्याकून काही चुकलं का?

सुहासिनी : तुमचं काही नाही चुकलं. गुरुवारी मी पोस्टातून फोन लावून खोली ठरवली. घरी येऊन यांना सांगितलं. यांनी हं म्हटलं. आणि शुक्रवारी अर्ज.

नीळकंठ : मले वाटलं नव्हतं, उघडतीन म्हणून.

सुहासिनी : मग दिला कशाला?

नीळकंठ : सवय.

सुहासिनी : खरं सांगा.

नीळकंठ : खरं सांगू? तू म्हणाली, खोली ठरली. मले एकदम वाटलं, आता संपलंच. आता खरंच कोणी बोलावणार नाही. एकदा तरी बोलवा म्हणावं, असं वाटलं. बुढा झालो तरी माणसाले वाटते.

सुहासिनी : मला वाटत नसेल का?

नीळकंठ : तुले काय?

सुहासिनी : एकदा तरी बोलवावं.

लखीराम : मी जातो बाई. उद्या येतो.

सुहासिनी : बसा, लखीराम. चहा टाकते आहे मी. तुमच्यादेखत बोललेलं बरं, आवाज चढत नाही.

नीळकंठ : हे पाह्य सुहास. मी नाही गेलो त ते बाहेरचा ग्रेडर आणतीन. त्याले घाई राह्यते. आता जो कापूस येईन तो सारा फरदड, शेवटच्या वेच्याचा. वरतून पिवळा दिसते. तो लेकाचा वरची मूठ पाह्यते अन् साऱ्या गाडीले कवडी, म्हणजे रद्दी माल ठरवते. मुकुटबनची जमनी माहीत आहे ना तुले? दर साली शेवटी येते, डोक्यावर गाठोडं घेऊन. तिचा कापूस वरतून मळका, पण आत कोपरापर्यंत हात घाल, धागा असा लांब निघते. ते आत हात घालाले माणूस पाह्यजे ना?

लखीराम : हे खरं आहे बाई. जमनीनं मागच्या हप्त्यात व्यापाऱ्याच्या काट्यावरून गाठोडं वापस नेलं. म्हणाली, नीळकंठसाहेब हात लावतीन तवाच देईन.

सुहासिनी : मी कुठं खोटं म्हणते? तुमचं बरोबर आहे. तारेच्या वेळी तुमचं बरोबर होतं. आगीच्या वेळी बरोबर होतं. एवढी वर्षं तुमचंच बरोबर होतं, हाच तर माझा त्रास आहे. दरवेळी मी पिशवी रिकामी केली, कारण तुमचं बरोबर होतं.

नीळकंठ : पुढच्या हप्त्यात जाऊ. बुधवारी निघू. माही शप्पथ.

सुहासिनी : बुधवारी काट्याला मुदतवाढ मिळेल.

नीळकंठ : नाही मिळणार.

सुहासिनी : लखीराम, तुम्ही सांगा. मिळेल का?

लखीराम : आता बाई... गाड्या जास्त आल्या त देतीनच ना दोन-चार दिवस. जमनीसारखे लय बसले आहेत कापूस घरात घेऊन.

सुहासिनी : ऐकलं?

नीळकंठ : हा कायले मधात बोलते!

सुहासिनी : मी विचारलं म्हणून बोलला. लखीराम, तुमची घरवाली काय करून राहिली सध्या? रुपीबाई?

लखीराम : रुपी? काही नाही बाई. वेचा संपला, आता मोह वेचाले जाते सकाळी. बाकी घरीच.

सुहासिनी : शनिवार ते मंगळवार तुम्ही काट्यावर. जेवणाचं कोण पाहील?

लखीराम : माही याडी आहे ना. सासू-सुनेतली सासूच रांधते आमच्या घरी. रुपीच्या हातचं तिले आवडत नाही.

सुहासिनी : मग रुपीबाईला विचारा, डोंगर पाहायचा आहे का.

लखीराम : कोणता डोंगर?

सुहासिनी : चिखलदरा. खोली दोन माणसांची आहे. मी आणि ती. वर गेल्यावर खोलीची नावं बदलून घेईन.

नीळकंठ : सुहास! काय बोलून राह्यली तू?

लखीराम : बाई, तिनं त यवतमाळ सोडून काही पाह्यलंच नाही. एस.टी.त बसली की ओकते.

सुहासिनी : मीपण ओकते. दोघी लिंबू घेऊन बसू.

लखीराम : अन् ते बोलते लय, बाई. झोपेत बी बोलते.

सुहासिनी : बोलू द्या. मला बोलणारं माणूस हवंच आहे. हं म्हणणारं घरी आहे.

नीळकंठ : दोन बायका एकल्या घाट चढतीन? लोकं काय म्हणतीन? मावशी काय म्हणेल?

सुहासिनी : मावशी म्हणेल, बरं झालं, यंदा उशी वाचली.

लखीराम : साहेब, मी हसून नाही राह्यलो. खोकला आला.

नीळकंठ : तू खरंच जाशील? माह्याबिगर?

सुहासिनी : तुमच्यासोबतच जायचं होतं हो. तुमच्यासोबत जायचं म्हणूनच इतकी वर्षं थांबले, नाही तर केतकी दरवर्षी म्हणते, आई, मी नेते. आज तुमच्यावर राग आहे, खोटं कशाला सांगू. पण जमनीलाही माघारी पाठवू नका. तुम्ही गाडीत हात घाला. मी घाट चढते.

नीळकंठ : मले वाईट वाटून राह्यलं.

सुहासिनी : वाटू द्या. अर्ज द्यायच्या आधी वाटलं असतं तर कामाला आलं असतं.

नीळकंठ : तो अर्ज... तुले सांगायले पाह्यजे होतं मी.

सुहासिनी : हो. पाहिजे होतं.

लखीराम : बाई, मंग रुपीले काय सांगू? काय आणा म्हणू सोबत?

सुहासिनी : काही नको. एक लुगडं जास्तीचं आणि गरम काही असलं तर.

लखीराम : गरम कायचं बाई, आमच्या घरी गोधडी आहे.

सुहासिनी : मग राहू द्या. माझी शाल तिला देईन. अहो, तो स्वेटर काढा.

नीळकंठ : कायले?

सुहासिनी : मी घालीन.

नीळकंठ : तुले ढगळ होईन.

सुहासिनी : होऊ द्या. उबेशी मतलब. लखीराम, चहा घ्या. दशम्या शुक्रवारी करून ठेवते, तुमच्या साहेबांना चार दिवस पुरतील. दही लावलेलं आहे. गॅसचं बटण रात्री खालूनही बंद करायचं.

नीळकंठ : मले माहीत आहे.

सुहासिनी : कुठून माहीत असणार?

नीळकंठ : सहाच्या गाडीवर मी येतो बसवून द्यायले. काटा आठले चालू होते.

सुहासिनी : या. पिशवी जड आहे.

नीळकंठ : अन् सुहास, बजारात कोणी विचारलं, बाई दिसल्या नाही दोन दिवसांत, कोठी गेल्या? त मी काय सांगू लोकायले?

सुहासिनी : सांगा, हंगाम आहे.