दत्तक घराची सही

पांढरकवड्याच्या स्टँडवर एक शिकाऊ डॉक्टरीण वही घेऊन गावच्या आशा कार्यकर्तीजवळ, उज्ज्वलाताईजवळ आली. मी दोघींच्या मधात बसली होती, आणि कोणासाठी सरकायचं माझं वय राह्यलं नाही.

"उज्ज्वलाताई, कॉलेजनं दत्तक दिलेल्या कुटुंबाला मी सहा भेटी दिल्या, एवढी सही करा ना."

"सहा? एकदाच तं आलत्या मॅडम, फोटो काढाले."

"सगळेच तसं लिहितात हो. सही नसली तर परीक्षेला बसू देत नाहीत."

"त्याच घरच्या सुखीबाईचा बीपी वाढला म्हणून नर्सबाईनं तुमच्याजवळ चिठ्ठी देल्ली होती. मोठ्या डॉक्टरले दाखवली का?"

"नर्सची चिठ्ठी नेली की सर ओरडतात. वहीतच राहिली ती. झालं ना बाळंतपण?"

"झालं. पोरगी आहे. वरच्या दुधावर."

"वरचं दूध? तुम्ही आशा असून, ताई? सहा महिने आईचंच पाजायचं. थांबा, समुपदेशन केलं असं लिहिते. तुम्ही आईला नीट समजावून सांगा."

"कोणाले सांगू, मॅडम? सुखीबाई बाळंतपणातच गेली. घ्या, पेन ठेवा तुमचा."