खंडेनवमीला लावलेली धार

लिहा, पहिल्यांदा हेच लिहा, की ह्या बाईनं स्वतःच्या हातानं नातीचे स्केट्स बिघडवले, ते पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी, आणि वर त्यांना हळदकुंकू वाहिलं. तीन वर्षं झाली त्याला. तेव्हा मी तरुण होते, सहासष्टची, अंगात मस्ती फार.

मस्ती कसली, तर हाताची. मी मिरजेची. आमच्या अण्णांचं धार लावायचं दुकान, आणि मिरजेत दवाखाने किती ते तुम्हाला माहीत आहे, सगळ्या कात्र्या आमच्याकडे यायच्या. अण्णांना मुलगा नव्हता, मी एकोणिसाव्या वर्षी चाकावर बसले ती साठीपर्यंत उठले नाही, लग्न झाल्यावर नवरा म्हणाला मी बँकेत बसतो, तू चाकावर बस. एकदा एका मोठ्या डॉक्टरांना मी म्हणलं होतं, साहेब, कात्री ठीक आहे, तुमचा अंगठा चुकतोय. वय वर्षं वीस. ते हसले म्हणून मी वाचले. तर अशी ही बाई, जगात पातं म्हणून जे काय आहे ते आपल्याला कळतं असं समजणारी.

मुलगा समीर हॉलंडात, आइंडहोवनला, चिपा बनवायच्या मशिनींच्या कंपनीत. सून मृणाल, आणि नात इरा. मी इराला मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, रागावली की डचमध्ये. सहा वर्षांची असल्यापासून बर्फावर. मला आधी वाटलं पोरं घसरगुंडी खेळतात, पण नाही हो, ती एका पायावर उडते, हवेत अडीच गिरक्या घेते, दुसऱ्या पायावर उतरते आणि उतरताना हसते, आणि मी इकडे श्वास सोडायची विसरलेली असते.

ह्या मुलांची दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय मालिका असते. आपल्याकडे गणपतीचे वेध लागतात तेव्हा सुरू होते, ह्या आठवड्यात ह्या देशात तर पुढच्यात त्या देशात, असे टप्पे, आणि प्रत्येक देशानं मोजकीच मुलं पाठवायची. आदल्या वर्षी इरा राखीव होती, नुसती बाकावर बसून आली. त्या वर्षी एक टप्पा हेगलाच आला आणि तिचं नाव लागलं. चौदा वर्षांची पोर, काय सांगू तुम्हाला, आठवडाभर घरात कुणी सरळ चालत नव्हतं, सगळे पळत होते. पण कोचबाईंनी सांगून ठेवलेलं, इथे नीट उभी राहिली तर पुढच्या वर्षी परत नाव, नाहीतर मागे मुलींची रांग आहे.

मी तेव्हा त्यांच्याकडेच होते, आम्ही सगळे हेगशेजारी रायस्वाइकला भाड्यानं घर घेऊन उतरलो. स्पर्धा दसऱ्याला, म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी. आता खंडेनवमीला हत्यारांची पूजा, आणि इराचं हत्यार कोणतं, तर तिचे खाली पातं लावलेले बूट. दुपारी ते तिघं बर्फावर उतरायचा क्रम काढतात तिथे गेले, बूट वाळत ठेवून. मी पाट मांडला, बूट घेतले, पात्यावरून बोट फिरवलं. पात्याच्या मधोमध उभी पन्हळ पडलेली. म्हणलं पोरगी झिजलेल्या पात्यावर नाचतेय आणि घरात कुणाला पत्ता नाही. अण्णा म्हणायचे, बोथट हत्यार देवापुढे ठेवायचं नाही. अण्णांचा दगड माझ्या पिशवीत असतोच. दोन तास बसले, दोन्ही पाती आरशासारखी सपाट केली, मग हळदकुंकू, फूल, अक्षता. इरानं येऊन बघितलं, हसली, बूट पुसून पिशवीत टाकले.

सकाळी सरावाला ती बर्फावर उतरली आणि आडवी घसरून बसली. उठली, परत बसली. तिसऱ्यांदा कठडा धरूनच उभी. कोचबाई धावल्या, पात्यावरून नख आडवं फिरवलं, आणि त्यांचं तोंड बघूनच मला कळलं. ती पन्हळ मुद्दाम कोरलेली असते हो, तिच्या दोन काठांच्या दोन धारा, त्याच बर्फाला पकडतात. मी त्या पुसून टाकल्या होत्या. कुणी केलं, म्हणाल्या. मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. इरा डचमध्ये काहीतरी बोलली.

रिंकच्या कोपऱ्यात एक धारवाले आजोबा मशीन घेऊन बसलेले. त्यांनी पातं उजेडाला धरलं, मग माझे हात बघितले. समीरला म्हणाले, काम चुकीचं आहे, पण फार सुंदर केलंय. इराची पाळी दुपारची, आणि त्यांच्यापुढे मुलांची रांग. त्यांनी आमचे बूट आधी घेतले, चाकावर पन्हळ परत कोरली. पण धार लावल्यावर काठाला लोखंडाचा केसासारखा कण राहतो, तो दगडानं हलकेच काढावा लागतो, आणि तेवढ्यात पुढच्या मुलाचे बूट हातात आले. त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या दगडाकडे बोट दाखवलं.

मी दगड हातात घेतला. इरा मोज्यांवर उभी. म्हणलं इरा, तो कण काढू का मी? ती आजोबांकडे बघत राहिली. त्यांनी हो म्हणून मान हलवली. मग तिनं एक बूट माझ्या मांडीवर ठेवला, दुसरा छातीशी धरून ठेवला, पहिला झाल्यावरच दुसरा दिला.

दुपारी ती उतरली तेव्हा मी डोळे मिटून बसले. बर्फावर पातं चालल्याचा आवाज येतो, कापड फाडल्यासारखा. तो बरोबर आला, म्हणून उघडले. ती उडाली, अडीच गिरक्या, उतरली, जरा डगमगली, पण उभी राहिली. मृणालनं माझा हात एवढा दाबला की बांगडी वाढली. नंबर मधलाच कुठला तरी आला, पण कोचबाई म्हणाल्या, नाव राहील.

राहिलं. आता सतराची आहे, यंदा दोन टप्पे आहेत तिला. मी एकोणसत्तर, गुडघे कुरकुरतात, पण बॅग भरून ठेवलीय. पोरीचे पाय असेच हलके राहोत, आणखी काय मागायचं. आणि स्पर्धेच्या त्या संध्याकाळी ट्रॅममध्ये, सकाळपासून माझ्याशी एक शब्द न बोललेली इरा माझ्या खांद्यावर डोकं टेकून मराठीत जे बोलली ते जसंच्या तसं लिहा. म्हणाली, आजी, पुढच्या वर्षी पण ये. पूजा कर. दगड पण आण. फक्त मी घरात असताना.