याओईचा अर्थ आणि आमची कार्यकारिणी

अर्थ लिहा म्हणे! आता मला सांगा, ज्या गोष्टीच्या नावातच म्हटलंय की हिला अर्थ नाही, तिचा अर्थ मी आणू कुठून? पण आमच्या मानवतच्या वाचनालयात पुस्तक दाखल करायचं तर नोंदवहीत नाव, लेखक, पानं आणि शेवटी तांबड्या शाईनं आखलेला अर्थाचा रकाना, तो एका ओळीत भरल्याशिवाय पुस्तक कपाटात जायचं नाही, हा आमचे अध्यक्ष किशनराव यांचा नियम. अकरा वर्षं मी तिथं पुस्तकं देते-घेते आणि अकरा वर्षं हा रकाना भरते. लोणच्यांच्या पुस्तकापुढं मी लिहिलंय, धीर धरावा. बोंडअळीच्या पुस्तिकेपुढं लिहिलंय, शत्रूला लहान समजू नये. ते सगळं चाललं. आणि तीन जपानी पुस्तकांपाशी येऊन गाडी अडली.

ती आली कशी, तर परभणीच्या कृषी विद्यापीठात कापसाचा अभ्यास करायला एक जपानी बाई आली होती, मियोको नाव, तिशीची असेल. मानवतचा कापूस बघायचा म्हणून आठ महिने आमच्या माडीवर भाड्यानं राहिली. ठेचा खाऊन रडली आणि परत मागून घेतला, अशी बाई! आमच्या सरजाबाईला तर तिचं कोण कौतुक, भीमनगरात सांगत सुटली, "बुद्धाच्या मुलकातली हाय, आपलीच बाई हाय." तर मियोको जाताना तीन जाड पुस्तकं माझ्या हातात ठेवून गेली. तिच्या मैत्रिणीनंच काढलेली, सगळी चित्रांची. चौकटीमागं चौकटी, त्यात दोन तरुण, बाविशी-तेविशीतले, एक टपालखात्यातला, एक होडी चालवणारा, आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम. हो, प्रेमच. मीसुद्धा तिला तीनदा विचारलं, मैत्री का गं? तर म्हणाली, "नही ताई, मोहब्बत." हिंदी तिची सगळी आमच्या गल्लीत शिकलेली.

मग तिनं शब्द सांगितले आणि मी ते वहीत उतरवून घेतले. पुरुषाच्या पुरुषावरच्या प्रेमाच्या या गोष्टी, त्यांना तिकडं शोनेन-आय म्हणतात, म्हणजे पोरांचं प्रेम. फार नटवून, सौंदर्यात बुडून लिहिलं असेल तर तांबी. आणि हिच्या मैत्रिणीची होती ती याओई. त्या शब्दात तीन गोष्टी दडलेल्या... कळस नाही, शेवट नाही, अर्थ नाही! मी म्हटलं, अगं, इतकं वाईट नाव कुणा मेल्यानं ठेवलं? तर म्हणाली, आम्हीच ठेवलं. लिहिणाऱ्या बायका, वाचणाऱ्याही बहुतेक बायकाच, आपणच छापायचं, आपसात वाटायचं, आणि दुसरं कुणी हसायच्या आत आपणच हसून मोकळं व्हायचं. तुम्हाला सांगते, ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, लोणच्याला अर्थ आहे, बोंडअळीला अर्थ आहे, आणि बायकांनी जीव लावून काढलेल्या गोष्टीला तेवढा नाही?

आता गुरुवारी दुपारी दोन ते चार आमच्याकडं बायकांची वेळ असते. ती मी भांडून मिळवलेली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात काय चाललंय ते तुम्हाला ठाऊकच आहे, या गल्लीचं त्या गल्लीशी बोलणं तुटलेलं, पण गुरुवारी पाटलाची चतुराबाई आणि भीमनगरातली सरजाबाई एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात, का, तर टपालवाल्याचं पुढं काय झालं ते बघायला! दोन भाग मियोकोनं मला समजावले होते, ते मी चित्रं दाखवत सांगितले. प्रत्येक पानावर नुसत्या पाकळ्या गळतात हो, खोलीत गळतात, होडीत गळतात. चतुराबाई म्हणाली, "आगं, पर ही फुलं झाडतंय कोण?" दुसऱ्या भागाच्या शेवटी होडीवाला निघून जातो, टपालवाला धक्क्यावर उभा, आणि चौदा बायका पदर डोळ्याला लावून बसलेल्या. पोरं आहेत का पोरी, हे कुणाच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही. तिसरा भाग मी मुद्दाम उघडला नव्हता, म्हटलं, सगळ्यांबरोबरच बघू.

तेवढ्यात कुणी तरी जाऊन आमच्या चिटणिसाला, बन्सीधरला सांगितलं. बन्सीधर कापडदुकानवाला, वयानं लहान, पण घसा मोठा. आला, तिसरा भाग माझ्या टेबलाच्या खणातून काढून घेऊन गेला आणि लगेच कार्यकारिणीची सभा लावली. विषय काय, तर बायकांची वेळ बंद करणे. आता खरं दुखणं पुस्तकाचं होतं का सतरंजीचं, ते मी काय सांगू... तुम्हीच ओळखा.

सभेत मला उभं केलं. बन्सीधर म्हणाला, ग्रंथपालबाई, या पुस्तकाचा अर्थाचा रकाना कोरा कसा? अर्थ लिहा म्हणे! मी सांगितलं, याओई म्हणजे काय, शोनेन-आय म्हणजे काय, जसं मियोकोनं सांगितलं तसं सगळं, काही लपवलं नाही. खोटंच लिहायचं असतं तर मैत्री लिहून केव्हाच मोकळी झाले असते की मी! हे ऐकल्यावर बन्सीधरनं पुस्तक वर धरलं, डावीकडून उघडलं आणि म्हणाला, "बघा, बघा, पहिल्याच पानावर दोघं गळ्यात गळा घालून रडायलेत! आता पुढं काय असंल?"

मी डोक्यालाच हात लावला. किशनराव निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, त्यांनी शांतपणे पुस्तक मागून घेतलं, उजवीकडून उघडलं, एकेक चौकट उजवीकडून डावीकडं बघत गेले, जसं काही लहानपणापासून तेच वाचत आलेत. सभा खोळंबून बसली. वीस मिनिटांनी चष्मा पुसून म्हणाले, "बन्सीधर, तू किताबाच्या शेवटावर बसलायस. पहिलं पान इकडं हाय."

म्हणजे तो शेवट होता! होडीवाला परत येतो, दोघं भेटतात! चार महिने आम्ही बायका जीव टांगणीला लावून बसलेल्या आणि यानं भर सभेत शेवट फोडला. ज्या गोष्टीला शेवटच नाही म्हणतात, तिचासुद्धा! मी वाचनालयाची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, वेळ बंद करायची तर आधी मला काढा, किल्ली ही घ्या, पण त्या बायकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा. तर कुणी किल्लीला हात लावीना. चौदापैकी तीन बायका कार्यकारिणीच्याच घरच्या, त्यांना घरी जाऊन कोण सांगणार?

मग किशनराव म्हणाले, वेळ राहील, पुस्तकंही राहतील, पण अर्थाशिवाय नाही. बाईंना जमत नसेल तर गुरुवारी मी स्वतः येऊन सांगत जाईन.

ठराव एकमतानं पास.

आता दर गुरुवारी दोन वाजता किशनराव खुर्चीवर आणि आम्ही खाली. एक चौकट दाखवायची आणि अर्धा तास अर्थ. होडी म्हणजे देह म्हणे. समुद्र म्हणजे संसार म्हणे. आणि होडीवाला म्हणजे सद्गुरू! चतुराबाईनं हळूच विचारलं, "मंग सद्गुरू त्या टपालवाल्याची चिठ्ठी छातीशी धरून का रडायलेत?" किशनराव म्हणाले, त्यालाही अर्थ आहे, पुढच्या गुरुवारी सांगतो. अहो, सात गुरुवारांत अडीच पानं झाली. होडी अजून धक्क्याला लागलेली नाही. शेवट मला ठाऊक आहे, पण सांगायची सोय नाही, ठरावाप्रमाणे सांगणार ते फक्त किशनराव. अर्थाचा रकाना मात्र आता काठोकाठ भरलाय, समासातसुद्धा लिहायला जागा राहिली नाही.

परवा वाचनालय बंद करताना सरजाबाई सतरंजी गुंडाळत होती. एक टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाई, त्याला अर्थ नव्हता तवाच लय बरं कळत होतं हो."