नसलेल्या जंतूंची गोष्ट

...आणि हे मी विसाव्यांदा सांगतेय, मी डॉक्टर नाही! मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी. तुम्हाला सांगते, तीन वर्षांचा अभ्यास परवडला, पण तो नातेवाइकांना समजावणं नको. मोठे काका म्हणतात, "म्हणजे जंतू पाळतेस? मग औषध कोण देतं?" आत्या तर भर रस्त्यात आ वासून उभी, "घसा बघ गं जरा!" अहो, नुसता बघून काय करू? बोळा फिरवायचा, जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटवर लावायचा, आणि मग थांबायचं. अठ्ठेचाळीस तास लागतात हो! पण आमच्या वडीलधाऱ्यांना थांबणं माहीत आहे का? निकाल लागला त्याच संध्याकाळी, "नोकरीचं काय?"

आता नोकरी कुठली? औषध कंपनीत जा, "एमएस्सी आहे का?" इस्पितळाच्या लॅबमध्ये जा, "डिप्लोमा आहे का?" बरं, एमएस्सी करते म्हणावं तर बाबा, "आधी आहे त्या पदवीचा उजेड पाड!" एकतीस अर्ज केले, एकतीस! शेवटी फळांच्या रसाच्या कारखान्यात लागले. महिनाभर बघू, मग कायम करू, म्हणाले मालक. आणि बाबांनी बजावलं, "ही गेली, तर काकांच्या चपलांच्या दुकानात बसायचं."

काम काय, तर प्रत्येक बॅचमधल्या चार बाटल्या उघडायच्या, थोडा रस प्लेटवर, प्लेट इन्क्युबेटरच्या उबेत, आणि... बरोबर! अठ्ठेचाळीस तास. जंतू असले तर ठिपके उठणार. नसले तर मी सही करणार, मग गाडी सुटणार. पण शेवटच्या आठवड्यात मालक दारात हजर. "बाळ, गाडी उभी आहे. सही कर."

म्हटलं, "सर, प्लेटा आज सकाळी ठेवल्यात."

"मग जरा जास्त तापव ना!"

"अहो सर, मरतील ते!"

"मेले तर बरंच की!"

म्हटलं, अठ्ठेचाळीस तास लागतात, सही नाही. "तुझ्या आधीचे गृहस्थ नुसता वास घेऊन सही करायचे!" करत असतील. मी नाही म्हणजे नाही. मग तेही इरेला पेटले, "थांबवतो गाडी. पण काही निघालं नाही ना, तर तू घरी!"

आणि काय सांगू तुम्हाला... तीन वर्षं जंतूंचा नायनाट शिकलेली मी, इन्क्युबेटरसमोर हात जोडून उभी! एकच ठिपका दे रे देवा, एकच! म्हणजे रस नासका निघावा, असं मलाच वाटायला लागलं. शी! माझी मलाच लाज वाटली. पण डोळ्यांसमोर त्या चपला!

तास भरले. मागे मालक, त्यांच्या मागे ड्रायव्हर. प्लेट उजेडात धरली, तिरकी केली, भिंग लावलं... काही नाही. आरसा नुसता! कॉलेजात इतकी स्वच्छ प्लेट माझ्या हातून एकदाही निघाली नव्हती. आमच्या बाई ओरडून दमल्या, "अगं, बर्नरच्या जवळ धर, हवेतले जंतू पडतात त्यात!" आणि निघाली कधी, तर आज!

"बघितलंस?" मालक म्हणाले. "आता कर सही."

केली. 'वाढ नाही.' खरं होतं तेच लिहिलं, दुसरं काय लिहिणार? आधी गाडी गेली, मागोमाग मी.

आता बाबा विचारतात, "नोकरी गेली कशानं?" काय सांगू? कोणाची साहेब खातो, कोणाची मंदी खाते. माझी जंतूंनी खाल्ली... आणि तीही, जे नव्हतेच त्यांनी!